मन नंतर, आधी दिवस सावर

"ताई, आता अर्ज पाठवावासाच वाटत नाही."

नोकरी शोधणाऱ्या मुलींकडून हे वाक्य मी वरचेवर ऐकते. कुणी बी.कॉम. करून साताऱ्याहून पुण्याला आलेली आणि पीजीवर राहणारी, कुणी डिप्लोमा झाल्यावर नाशिकला घरीच असलेली, कुणी लेक शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणारी. पहिले एक-दोन महिने सगळ्याच उमेदीत असतात. मग उत्तरं येईनाशी होतात. रात्री जागरण, सकाळी उशीर. बाबा काही विचारतील म्हणून त्यांच्याबरोबर जेवायला बसणं टळतं. मैत्रिणीच्या नोकरीची बातमी कळली की अभिनंदनाचा मेसेज पाठवायलाही हात उचलत नाही. अशा वेळी भेटणारा प्रत्येक जण सांगतो, "पॉझिटिव्ह राहा." सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण राहायचं कसं, ते कुणी सांगत नाही. तेच आज तुझ्याशी बोलायचं आहे.

माझं म्हणणं असं आहे. मन खचायच्या आधी दिवस विस्कटतो. विस्कटलेल्या दिवसात भल्याभल्यांचं मन टिकत नाही. म्हणून मनाची समजूत घालत बसू नकोस, दिवस लावून घे. मन त्याच्यामागून येतं.

हे मी हवेत बोलत नाही. ऑस्ट्रियात, व्हिएन्नापासून जवळच, मारिएनथाल नावाची वस्ती होती. तिथलं जवळजवळ प्रत्येक घर एका कापडगिरणीवर चालायचं. जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली आणि बहुतेक घरांतली माणसं बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, लोकांचा दिवस कसा जातो ते बारकाईने टिपलं आणि १९३३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आपल्याला वाटेल, एवढा मोकळा वेळ मिळाल्यावर माणसं पुस्तकं वाचतील, राहिलेले छंद पुरे करतील. झालं उलटं. वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबायचे. सकाळपासून काय केलं असं विचारलं तर त्यांना धड सांगता येत नसे. ही माणसं आळशी नव्हती. कालपर्यंत गिरणीत राबत होती. नोकरीबरोबर पगार गेलाच, शिवाय दिवसाला असलेला आकारही गेला.

याहोडा यांनी पुढे हे सविस्तर मांडलं. पैशाखेरीज नोकरी आणखी पाच गोष्टी देते : वेळेचं बंधन, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांबरोबर काही साधतोय ही जाणीव, समाजातली एक ओळख आणि रोजचं नियमित काम. नोकरी नसते तेव्हा या पाचही गोष्टी एकदम हातून जातात. तुला जे रिकामं वाटतं ते यामुळे. तू कमकुवत आहेस म्हणून नव्हे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बायकांची चाल पुरुषांइतकी मंदावलेली नव्हती. गिरणी बंद झाली तरी चूल, धुणं आणि पोरं यांना सुट्टी नव्हती. हे वाचताना मला आपल्या घरातल्या मुली आठवतात. नोकरी नसलेल्या भावाचा दिवस रिकामा जातो. तुझा दिवस इतरांच्या कामांनी भरतो. "घरीच आहेस ना, आजीला दवाखान्यात घेऊन जा." "सिलिंडरवाला येणार आहे, थांब जरा." "पाहुणे येताहेत, भाजी निवडून ठेव." रात्री तू दमलेली असतेस, अर्ज एकही गेलेला नसतो, आणि वर 'दिवसभर घरीच तर होती' हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम हे कर. घरात बसून शांतपणे वेळ मागून घे. आईला सांग, "सकाळी दहा ते एक मी ऑफिसला गेले आहे असं समज. त्याआधी आणि त्यानंतर सांगशील ते करेन." भांडून सांगू नकोस, पण ठामपणे सांग, आणि पहिल्या आठवड्यात एकदाही मोडू देऊ नकोस. घरात जमतच नसेल तर गावातली अभ्यासिका गाठ. आता तालुक्याच्या गावीही अभ्यासिका असतात आणि महिन्याची फी बहुधा परवडण्याजोगी असते. आंघोळ करून, बरे कपडे घालून बाहेर पडण्यात अर्धी लढाई असते. पलंगावर लोळत मोबाइलवरून अर्ज करू नकोस. तिथे झोप, रील्स आणि नोकरी यांची सरमिसळ होते आणि तिन्ही नीट होत नाहीत.

या तीन तासांपलीकडे फार ताणू नकोस. दिवसभर नोकरीच्या साइट उघडून बसल्याने नोकऱ्या वाढत नाहीत, धास्ती वाढते. दुपारी दोन तास काही शिक. अकाउंट्समध्ये जायचं असेल तर टॅली, जीएसटीची विवरणपत्रं आणि एक्सेल. डेटाचं काम करायचं असेल तर एसक्यूएल. संध्याकाळी घराबाहेर पड, चाल, माणसांत जा. रविवारी नोकरीचा विषय बंद. नोकरदार माणसाला सुट्टी असते, तशी तुलाही हवी.

आता त्या न येणाऱ्या उत्तरांविषयी. निवडीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसते, म्हणून हे तुला सांगू शकते. अर्जाला उत्तर आलं नाही की तू समजतेस, आपल्यात काही कमी आहे. प्रत्यक्षात पलीकडे काय चाललेलं असतं? जाहिरात निघाल्यावर वरून भरती थांबवण्याचा आदेश येतो. जागा आतल्याच माणसाला द्यायचं ठरलेलं असतं, जाहिरात फक्त नियम म्हणून दिलेली असते. एका जागेसाठी इतके अर्ज येतात की पुरेशी माणसं सापडली की उरलेले कुणी उघडतही नाही. काही ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि जाहिरातीतले शब्द ज्यात नाहीत ते मागे पडतात. ज्याला निवडलं तो नोटीस पिरियड संपेपर्यंत येईल की नाही, या काळजीत बाकीच्यांना 'नाही' कळवायचं राहून जातं. हे चांगलं नाही. उमेदवाराला दोन ओळींचं उत्तर द्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पण त्या मौनाला तुझ्या लायकीचा निकाल समजू नकोस.

मग कुठे चुकतंय हे कळायचं कसं? त्यासाठी एक वही कर. तारीख, कंपनी, पद, कुठून कळलं, कोणता बायोडाटा पाठवला, आठवड्याने विचारपूस केली का, पुढे काय झालं. महिन्याने ती वही उघडून बघ. भरपूर अर्ज गेले आणि फोनच आले नाहीत, तर बायोडाटात दुरुस्ती हवी किंवा अर्ज चुकीच्या जागांना जाताहेत. फोन येतात पण मुलाखतीला बोलावणं येत नाही, तर फोनवरचं बोलणं, पगाराची अपेक्षा किंवा ठिकाण यापैकी कुठेतरी अडतंय. मुलाखती होतात आणि पहिल्याच फेरीत थांबतं, तर विषयाची तयारी आणि बोलण्याचा सराव कमी पडतोय. शेवटच्या फेरीपर्यंत पोचून राहतं आहे, तर तू योग्य वाटेवर आहेस, फार काही बदलू नकोस, चालत राहा. 'माझं काहीच होत नाही' या वाक्यावर इलाज नाही. 'फोन येतात, मुलाखत येत नाही' यावर आहे. चिकाटी म्हणजे तोच अर्ज तसाच शंभर ठिकाणी पाठवणं नव्हे. वहीत बघून दर महिन्याला एक गोष्ट सुधारायची, ही चिकाटी.

तू नवीन असशील तर बायोडाटा एका पानाचा पुरे. त्यात वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, रक्तगट काही नको. तो लग्नाचा नाही. 'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' हे सगळेच लिहितात. तू काय केलंस ते लिही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा हिशेब सांभाळला असशील तर किती रकमेचा, ते लिही. काकांच्या दुकानाची जीएसटीची बिलं तू लावत असशील तर तेही काम आहे, ते लिही. जाहिरात दोनदा वाच आणि त्यात जे काम मागितलंय ते तुला येत असेल तर त्यांच्याच शब्दांत वर आण. येत नसेल ते लिहू नकोस, मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं. मराठी माध्यमातून आली असशील आणि इंग्रजी बोलताना अडखळत असशील, तर स्वतःची ओळख, आपलं एक काम आणि ही नोकरी का हवी, या तिन्हींची उत्तरं रोज मोठ्याने म्हण, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. सावकाश आणि सरळ इंग्रजी चालतं. बहुतेक ठिकाणी समोरच्याला तुझं काम समजून घ्यायचं असतं, तुझे उच्चार तपासायचे नसतात.

यानंतरची गोष्ट आपल्या मुलींना सगळ्यात जड जाते : माणसांना विचारणं. "कुणापुढे कशाला पदर पसरायचा?" असं घरातून शिकवलेलं असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक लेख लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, या जागेची खबर कुणाकडून मिळाली? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती सख्ख्या मित्रांकडून मिळालीच नव्हती. अधूनमधून भेटणाऱ्या, जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर दूरच्यांकडे असते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास आला, त्यातही नोकरी मिळायला मध्यम ओळखीची माणसंच जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं.

तेव्हा कॉलेजच्या दोन वर्षं पुढे असलेल्या सीनिअरला लिही. जुन्या क्लासच्या सरांना लिही. सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, चाकणच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या दादांना विचार. नोकरी मागू नकोस, माहिती विचार. "मी कॉस्टिंगच्या जागा शोधतेय. तुमच्या कंपनीत नवीन मुलांना कोणतं काम देतात, त्यासाठी काय यायला लागतं, हे दहा मिनिटं सांगाल का?" एवढं लिहिलंस तर त्यात लाचारी कसलीच नाही. 'मला नोकरी लावून द्या' म्हटलं की समोरचा अवघडतो. 'मला समजावून सांगा' म्हटलं की बहुतेक माणसं खुलतात आणि पुढे जागा निघाली की त्यांना तुझं नाव आठवतं. उत्तर मिळालं तर आभार मान, आणि नोकरी लागली की त्यांना आधी कळव.

नातेवाइकांच्या प्रश्नाचंही असंच कर. लग्नाकार्यात, गणपतीत कुणीतरी विचारणारच, "काय करतेस सध्या?" तू मान खाली घालून "काही नाही, शोधतेय" म्हणालीस की पुढचं वाक्य स्थळाचं येतं. त्याऐवजी सांग, "काकू, अकाउंट्समध्ये काम शोधतेय, जीएसटीचं शिकतेय. तुमच्या भाच्याच्या ऑफिसात कुणाला विचारता येईल का?" टोचणारी माणसंही कामाला लागतात.

आणि स्थळांचा विषय निघतोच, म्हणून तेही बोलू. मुलाला नोकरी नसली की घरचे म्हणतात, लागेल हळूहळू. मुलीला नसली की म्हणतात, मग लग्नाचं बघू. हे चुकीचं आहे आणि मी ते तुझ्या आईबाबांसमोरही म्हणेन. पण त्यांच्या मनातही भीती असते. तुला रोज काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, दिसतो तो बंद दरवाजा. म्हणून दर रविवारी ती वही घेऊन बाबांजवळ बस. या आठवड्यात कुठे अर्ज केले, कुठून फोन आला, पुढच्या आठवड्यात काय करणार, दहा मिनिटांत सांग. कष्ट डोळ्यांना दिसले की घरचे धीर धरतात. आणि या शोधाला मुदत ठरवायचीच असेल तर ती तू सुचव, म्हणजे कुणाच्या मर्जीने रोज बदलणार नाही.

हवी ती जागा मिळेपर्यंत हात रिकामे ठेवू नकोस. सीएंच्या ऑफिसात प्राप्तिकराच्या विवरणपत्रांच्या मोसमात माणसं लागतात, तिथे विचार. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे आणि तो फक्त आयटीआयवाल्यांसाठी नाही, पदवीधरांनाही विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. अशी प्रशिक्षणं मुदतीची असतात, पक्की नोकरी नव्हे, हे समजून जा. महास्वयम पोर्टलवर नाव नोंदव, रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात. आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा स्वतः जाऊन ये. सहा महिने कमी पैशांत केलेलं खरं काम बायोडाटातल्या कोऱ्या जागेपेक्षा केव्हाही मोलाचं.

एका बाबतीत मात्र कडक राहा. गरज असलेल्या माणसाला फसवणारे टपूनच असतात. नोंदणी फी, ट्रेनिंगची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट, 'गेट पास'चे पैसे, नाव काहीही देऊ दे, नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की तिथून निघ. टेलिग्रामवर 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा' म्हणून आधी दोन-पाचशे रुपये देतात आणि मग हजारो उकळतात. परदेशी डेटा एंट्रीच्या नावाखाली आपल्याकडच्या मुलांना म्यानमार आणि कंबोडियात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार उघड झाले आहेत. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, बाँडवर घाईने सही करू नकोस. मुलाखत हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी असेल तर जाऊ नकोस. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नकोस, ताबडतोब सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर फोन कर. जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एवढं सगळं करूनही काही दिवस वाईट जाणार. हातात आलेली जागा शेवटच्या क्षणी जाते तेव्हा रडू येणारच. त्या रागाला आणि दुःखालाही दिवसात जागा दे. अमेरिकेत डॅलसमध्ये नोकरीवरून काढलेल्या इंजिनिअरांवर जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. आठ महिन्यांनी बघितलं तर त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांना पूर्णवेळ नोकरी लागली होती. ज्यांनी मनातलं लिहिलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण बरंच कमी होतं. मुलाखती मात्र दोन्ही गटांच्या साधारण सारख्याच झाल्या होत्या. संशोधकांचं म्हणणं असं की मनातला कडवटपणा कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत बाहेर पडला नसावा. तूही लिही. सुंदर लिहू नकोस, खरं लिही, आणि कुणाला दाखवायचं नसेल तर फाडून टाक.

पण दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही आणि वेळापत्रकावर भागवू नकोस. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. तिथे फोन कर, घरच्या एका माणसाला सांग, डॉक्टरांना भेट. त्या काळात नोकरीचा शोध थांबला तरी चालेल.

नोकरी कधी लागेल हे तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. दहा वाजता बसणं, एक चांगला अर्ज पाठवणं, एका माणसाला विचारणं, एक गोष्ट शिकणं आणि संध्याकाळी बाहेर पडणं हे तुझ्या हातात आहे. म्हणून माझं ऐक. आज आईशी त्या तीन तासांचं बोलून घे, वही आण, आणि ज्याला विचारायला महिनाभर कचरते आहेस त्या एका माणसाला उद्या मेसेज पाठव.